मदत हवी आहे : तान्ह्या पोळ्याचे मातीचे बैल तडकतात

यवतमाळकडची आमची अंगणवाडी, 3 ते 6 वर्षांची 19 लेकरं. तान्ह्या पोळ्याच्या आठवड्यात ‘बैल’ हाच विषय घेतलाय. पण इथली माती काळी, कपाशीची. बैल वाळला की दुसऱ्या दिवशी भेगा, शिंगं हातातच येतात. काल एक पोरगी तुटकं शिंग मुठीत घेऊनच घरी गेली.

राख कालवली, ओल्या फडक्याखाली सावलीत वाळवलं. भेगा कमी झाल्या, गेल्या नाहीत. भट्टी नाही. रंग, मणी नकोत, पोट्टे सगळं तोंडात घालतात. कणीक वापरायला मन होत नाही.

बारीक रेती मिसळू की कापसाचे तंतू, आणि चार मुठी मातीला किती? अन् 3 वर्षांच्यांना शिंगं वळता येत नाहीत, तेवढ्या वेळात त्यांच्या हाती काय देऊ?