न्यूयॉर्कची वाफेवरची 'एल': धुराने गेली की वजनाने?

फॉर्नीभक्त: 'लोक धुराला कंटाळले म्हणून मॅनहॅटनच्या एलने (रस्त्यावर उभारलेल्या पुलांवरून धावणाऱ्या रेल्वेने) 1902-03 मध्ये वाफ सोडली' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. अहो, ती इंजिनं अँथ्रासाइट, म्हणजे कमी धुराचा कडक कोळसा जाळत, त्यात काळा धूर असतो कितीसा? गोम चाकांच्या रुळावरच्या पकडीत आहे. एलच्या फॉर्नी बनावटीच्या 0-4-4 इंजिनात (आकडे चाकांचे) बॉयलरचा भार चार चालक चाकांवर, कोळसा-पाणी मागच्या चार चाकांवर. पाणी संपत आलं तरी पकड तेवढीच राहते, झकास! पण पुलाला पेलेल तेवढंच वजन इंजिनाला देता येतं. डबे वाढवा, सुटताना चाकं जागच्या जागी गरगरतील. विद्युत अभियंता स्प्रेगने 1898 पर्यंत शिकागोच्या साउथ साइड एलवर डब्याडब्याला मोटर दिली. तिथे डब्यांबरोबर पकडही वाढते.

गल्लीकर: आणि निखारे, राख, तेल, गरम पाणी? खाली भर वस्तीचा रस्ता होता. 1882 च्या स्टोरी खटल्यात लगतच्या घरमालकाचा उजेड-हवेवरचा हक्क कोर्टाने मान्य केला, तो काय उगाच?

फॉर्नीभक्त: उजेड अडवला गर्डरांनी. वीज आल्यावर गर्डर काढले वाटतं?

डायाफ्राम: ब्रेकचं नाव कुणीच काढत नाही, नेहमीप्रमाणे. दर पाच-सहा गल्ल्यांना स्टेशन. स्वयंचलित एअर ब्रेक (दाबलेल्या हवेचा) असा लागोपाठ लावला, तर डब्यांखालच्या टाक्या भरायला वेळच मिळत नाही. म्हणून ईम्सचा व्हॅक्यूम ब्रेक: इंजिनावरचा इजेक्टर वाफेने नळीतली हवा ओढतो, डब्याखालचा रबरी पडदा खेचला जातो, ब्रेक लागतो. पंप नको, काही नको.

गल्लीकर: नळी फाटली की?

डायाफ्राम: की ब्रेक नाही. म्हणून जोड तपासायचे, पडद्यांच्या भेगा बघायच्या.

गल्लीकर: वा, काय सुरक्षित! शिवाय दाब चौरस इंचाला 14.7 पौंडांच्या वर जाणारच नाही, म्हणजे पडदे परातीएवढे.

डायाफ्राम: डबे हलके, वेग बेताचा. पुरत होतं. पुस्तकी शंका नकोत.

हार्बरवाला: 3 फेब्रुवारी 1925 ला बोरीबंदर–कुर्ला सुरू झालेल्या गाड्याही स्प्रेगच्याच पद्धतीच्या, आणि सँडहर्स्ट रोडला वरूनच...

डायाफ्राम: मुंबई नंतर. ब्रेकचं चाललंय.

गल्लीकर: फॉर्नीभक्त, शिकागोचीच मेट्रोपॉलिटन एल 1895 लाच विजेवर सुरू झाली, तीही पुढच्या मोटर-डब्याने मागचे डबे ओढत. स्प्रेगच्या आधी. तिथे तुमची पकड कुठे गेली?

फॉर्नीभक्त: मोटर-डब्यात प्रवासीही बसतात, त्यांचं वजन पकडीला मिळतं. शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडा-जोडाची कटकट मात्र त्यातही होतीच. बरं, धुराला पाच टक्के देतो. खूश?

गल्लीकर: राखेचे वेगळे.