मदत हवी आहे: इटो आयसोमेट्री जुळत नाही, ०.७५ येतंय

घनमूळ
सिम्युलेशनने इटो आयसोमेट्रीचा (यादृच्छिक इंटिग्रलच्या वर्गाची सरासरी = आतल्या फलाच्या वर्गाच्या सरासरीचं साधं इंटिग्रल) ताळा घेतोय. उत्तर ०.५ यायला हवं, येतंय ०.७५. वेळेच्या पायऱ्या १०० वरून १०,००० केल्या, एक लाख यादृच्छिक मार्ग घेतले, तरी ढिम्म फरक नाही. उद्या गाईडना दाखवायचंय. कुठे अडतंय ते लवकर सांगा, प्लीज.

अनुस्वार
कशाचं इंटिग्रल? कुठपासून कुठपर्यंत? ०.५ कुठून आणलंत?

घनमूळ
ब्राउनियन गतीचंच (सतत यादृच्छिक हलणारी प्रक्रिया, बी), ब्राउनियन गतीवर, ० ते १. दुसरं कुठलं असणार! टी वेळेला बी² ची सरासरी टी, म्हणून इंटिग्रलच्या वर्गाची सरासरी = ∫ टी डीटी = १/२.

रेघोटी
सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) बदलून बघा. आणि प्रत्येक मार्गाबरोबर त्याचा उलट चिन्हाचा मार्गही घ्या, मी नेहमी तेच करतो.

अनुस्वार
रेघोटी, बी चं चिन्ह उलटलं तरी हे इंटिग्रल तेच राहतं. इथे त्याचा काडीचाही उपयोग नाही.

शेषपद
वर्गाची सरासरी कशाला? सरळ व्हेरियन्स (सरासरीपासूनच्या फरकाच्या वर्गाची सरासरी) काढा. मी आत्ताच काढला, ०.५ येतो. विषय संपला.

अनुस्वार
नाही संपला. प्रत्येक पायरीत बी ची डाव्या टोकाची किंमत घ्या, दोन्ही टोकांची सरासरी घ्या किंवा उजवं टोक घ्या, उत्तरं (इथे बी म्हणजे बी(१), शेवटची किंमत) अनुक्रमे (बी²−१)/२, बी²/२ आणि (बी²+१)/२ कडे जातात. फरक फक्त स्थिरांकाचा, म्हणून व्हेरियन्स तिन्हीकडे ०.५ च. वर्गाची सरासरी मात्र ०.५, ०.७५ आणि १.५. व्हेरियन्स काढला तर दोष झाकला जातो.
घनमूळ, तुम्ही कुठली किंमत घेतलीत?

घनमूळ
दोन्ही टोकांची सरासरी. ट्रॅपेझॉइडल जास्त अचूक असतं म्हणून.

अनुस्वार
मग ०.७५ च येणार. (नवी+जुनी)/२ गुणिले (नवी−जुनी), म्हणजे वर्गांच्या फरकाचा निम्मा. बेरीज करताना मधली सगळी पदं कटतात आणि उरतं बी(१)²/२, पायऱ्या कितीही घ्या. हे स्ट्रॅटोनोविच इंटिग्रल झालं; इटो इंटिग्रल डावं टोक घेतं.
आयसोमेट्रीत बेरजेचा वर्ग केल्यावर मिश्र पदं शून्य व्हावी लागतात. ती होतात, कारण गुणक (जुनी किंमत) आधीच ठरलेला असतो आणि पुढची उडी (नवी−जुनी) त्याच्यापासून स्वतंत्र, सरासरी शून्य. नवी किंमत गुणकात घेतलीत की तीच उडी गुणकातही शिरते.

पारंबी
जपानी गणितज्ञ इटोंचा या इंटिग्रलवरचा निबंध १९४४ चा. पण डोब्लिन या गणितज्ञाने १९४० मध्येच पॅरिसच्या अकादमीकडे मोहोरबंद पाकीट पाठवलं होतं, ते उघडलं २००० मध्ये! इटो सूत्राला (अशा इंटिग्रलसाठीचा साखळी नियम) त्याचंही नाव लावायलाच हवं.

शेषपद
आयसोमेट्री वापरताना उजवी बाजू सांत आहे का तेही बघा. इंटिग्रलच्या आत ई (२.७१८…) चा बी² घात घेतलात तर वेळ १/४ च्या पुढे गेली की ती अनंत होते. मग लोकल मार्टिंगेल (ठरावीक ठिकाणी थांबवली तरच सरासरी न बदलण्याची खात्री असलेली प्रक्रिया) म्हणूनच बोलावं लागतं.

घनमूळ
माझ्या प्रश्नात ई नाहीच. डावं टोक घेतलं, ०.५०३ आलं. पण बाकीचा सगळा कोड ट्रॅपेझॉइडलवर उभा आहे. तो तसाच ठेवून जमेल का?

शेषपद
जमेल की. शेवटी दर मार्गाच्या इंटिग्रलमधून ०.५ वजा करा, मग वर्ग करा.

अनुस्वार
फक्त या उदाहरणात. आत फ(बी) असेल तर ½ ∫ फ′(बी) डीटी (फ′ म्हणजे फ चा अवकलज) वजा करायचं, आणि ते दर मार्गाला वेगळं येतं. बाकीच्या कोडमध्ये फ काय आहे, ते अजून सांगितलं नाहीत.