आत्ममग्न माणसाला स्वतःचं खरं रूप कळतं का?

पिंपळपान: नार्सिसिस्ट, म्हणजे आत्ममग्न, माणसाला आपण कसे आहोत याचा पत्ताच नसतो, असं सगळे धरून चालतात. मला पटत नाही. कार्लसन, वझीर आणि ओल्टमन्स या मानसशास्त्रज्ञांच्या २०११ च्या अभ्यासात अशी माणसं स्वतःला सरळ उद्धट म्हणवून घेत होती. आपल्याबद्दल लोकांचं मत आपल्या स्वतःच्या मतापेक्षा खालचं आहे, हेही त्यांना ठाऊक होतं. २०१४ मध्ये तर ‘मी नार्सिसिस्ट आहे’ हे कितपत लागू पडतं, एवढ्या एकाच प्रश्नाची मोजपट्टी निघाली आणि ती बऱ्यापैकी चालली. माणसं बिनदिक्कत कबूल करतात!

कडूजहर: कबूल करतात, कारण त्यांना तो दोष वाटतच नाही. आमचे एक साहेब भर मीटिंगमध्ये सांगायचे, “मी हेकट आहे, म्हणून इथं कामं होतात.” याला जाणीव म्हणायचं? शिवाय तुम्ही सांगताय ते स्वभावाबद्दल. डीएसएम-५ या मनोविकारांच्या निदान-पुस्तिकेतल्या नऊ निकषांपैकी किमान पाच लागू पडतात, तो व्यक्तिमत्त्वविकार वेगळा. दोन्हींची सरमिसळ नको.

पिंपळपान: सरमिसळीचा मुद्दा मान्य. पण समोरच्याचं दुःख त्यांच्यापर्यंत पोचूच शकत नाही असं म्हणतात, ते खरं नाही. हेपर आणि सहकाऱ्यांनी (२०१४) अशा स्वभावाच्या लोकांना दुसऱ्याची व्यथा ऐकवली. ‘त्या व्यक्तीच्या जागी स्वतःला ठेवून ऐका’ असं सांगितल्यावर त्यांच्या हृदयाची गतीही इतरांसारखी बदलली. म्हणजे यंत्र शाबूत आहे, बटण बंद आहे.

माजघर: “सांगितल्यावर” ना? घरात दर वेळी कोणी सांगायचं? बायकोनं? मग त्याचं बटण दाबत राहणं हीच तिची नोकरी झाली.

चष्मेबद्दूर: माजघर, +१. उपचारालाही ही मंडळी सहसा येतात ती घटस्फोट, नोकरी जाणं किंवा नैराश्य आल्यावर. तिथंही मनोविश्लेषक कोहुट म्हणे आधी समजून घ्या, दुसरे मनोविश्लेषक कर्नबर्ग म्हणे त्यांच्या मोठेपणाच्या कल्पनेलाच थेट हात घाला. तज्ज्ञांचंच जुळत नव्हतं, तिथं बायकोनं काय करावं?

पिंपळपान: मी तिच्यावर काहीच टाकत नाहीये. बदल शक्य आहे एवढंच म्हणतोय. खूण साधी आहे: माफी मागताना शेवटी ‘पण’ जोडला नाही, तर काहीतरी हललंय.

कडूजहर: आमच्या साहेबांनी निरोप समारंभात ‘पण’ न जोडता माफी मागितली होती. माईकवरून. टाळ्या थांबेपर्यंत खाली उतरले नाहीत.