मदत हवी आहे: जुना लॅपटॉप फारच रेंगाळतोय, २० तारखेच्या आत काही जमेल का?

हिशोबनीस

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मानेवाड्याला राहते, घरूनच पाच-सहा दुकानदारांचं जीएसटीचं काम करते. टॅली (हिशोबाचं सॉफ्टवेअर), एक्सेल आणि जीएसटीचं पोर्टल, बास. लॅपटॉप २०१६ चा: आय३ पाचवी पिढी, ४ जीबी रॅम, १ टीबी हार्ड डिस्क, विंडोज १०. सकाळी बटण दाबून चहा ठेवते. चहा होतो, पिऊन होतो, कप विसळून होतो, तेव्हा कुठे टॅली उघडतं. परवा एक्सेलची फाइल सेव्ह करताना पाच मिनिटं नुसतं चक्र फिरत होतं. आणि पंखा असा घोंघावतो की कूलर बंद आहे की चालू ते कळत नाही.

टेम्प फाइली उडवून झाल्या. भाच्यानं एक 'क्लीनर' टाकून दिला, त्यानंतर जास्तच हळू झाला (त्याला सांगितलं नाही, नाराज होतो). बर्डीवर एका दुकानात नेला तर न उघडताच, "मॅडम, याचं वय झालं, नवीन घ्या." घेणारच आहे, पण दिवाळीनंतर. सध्या हातात पाच हजार आहेत आणि २० तारखेला सगळ्यांचं ३बी (जीएसटीचं रिटर्न) भरायचं आहे. रॅम वाढवू की फॉरमॅट मारू?

तर्रीपोहे

ताई, मे महिन्यात नागपूरचा माणूसच दुपारी हँग होऊन रायला, लॅपटॉपचं काय घेऊन बसल्या! मजाक सोडा. माह्याजवळबी असंच डबडं होतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे ते फास्टवाली डिस्क, टाकली अन् पोट्टं पळाले लागलं. रॅम नंतर.

स्क्रूड्रायव्हर

खर्च करण्याआधी रोग शोधू. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. काहीही न करता डिस्कच्या रकान्यात किती टक्के दिसतात? मेमरीत किती? परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक केलं की रॅमचे किती स्लॉट भरलेत तेही कळतं. स्टार्टअपमध्ये काय काय आहे बघा. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवून हार्ड डिस्कची तब्येत काय दाखवतंय ते सांगा. हे शेवटचं विसरू नका.

हिशोबनीस

डिस्क १००, खाली यायलाच तयार नाही. मेमरी ८३. स्लॉट २ पैकी १. स्टार्टअपमध्ये दोन अँटीव्हायरस निघाले, दोन्ही चालू! एक काढला. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये पिवळ्या रंगात 'कॉशन' आलंय, सी५ च्या ओळीत. हे काय असतं?

स्क्रूड्रायव्हर

मग वेगाचा विषय आता बाजूला ठेवा. सी५ म्हणजे डिस्कला नीट वाचता न येणारे भाग. तिथे अडकली की ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचत बसते, म्हणून तुमचं चक्र फिरत राहतं. लॅपटॉप म्हातारा झालेला नाही, डिस्क मरायला टेकली आहे. आजच्या आज टॅलीचा डेटा फोल्डर आणि एक्सेल फाइली बाहेरच्या डिस्कवर घ्या. आधी ग्राहकांचं, मग लग्नाचे फोटो. तोवर डीफ्रॅग (डिस्क आवरणं) नको, चेकडिस्क (डिस्क तपासणं) नको आणि फॉरमॅट तर अजिबात नको. आजारी डिस्कला त्यानं आणखी दम लागतो.

आणि हो, लॅपटॉप चालू आहे तोवर टॅलीमधून लायसन्स सरेंडर करा, म्हणजे या डिस्कवरून सोडवून ठेवा. नव्या डिस्कवर परत अॅक्टिव्हेट करताना डोकेदुखी होत नाही.

निवांत

माझं मत: विंडोज सोडा, त्याऐवजी लिनक्स मिंट ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम टाका. जुन्या मशीनवर मस्त चालतं.

हिशोबनीस

@निवांत, टॅली आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन तिथे बसवत बसले तर माझी २० तारीख पुढच्या महिन्यात जाईल हो. :)

निवांत

टॅली असेल तर माझे शब्द मागे. जुना लॅपटॉप फक्त ब्राउझिंगला ठेवणाऱ्यांनी मात्र विचार करा.

स्क्रूड्रायव्हर

डेटा निघाला असेल तर आता खरेदी. अडीच इंची साटा एसएसडी (हार्ड डिस्कच्याच जागी बसणारी) घ्या, तुमच्या कामाला २५६ जीबी पुरे. एनव्हीएमई (पट्टीसारखी नव्या प्रकारची एसएसडी) घेऊ नका, इतक्या जुन्या मशीनमध्ये बहुतेक वेळा बसत नाही. पैसे उरले तर ४ जीबी रॅमची आणखी एक पट्टी, पण ती डीडीआर३एल हवी, १.३५ व्होल्टवाली. दुकानदार 'एल' खाऊन टाकतो, लेबल स्वतः वाचा.

जुनी डिस्क क्लोन (जशीच्या तशी नक्कल) करू नका, विंडोज पेनड्राइव्हवरून नव्यानं टाका. मदरबोर्ड तोच असल्यामुळे नेटला जोडलं की लायसन्स सहसा आपोआप लागू होतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ईएसयूमध्ये (मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेटची योजना) नोंद केलीत तर सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. पाचव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही, त्यामुळे नवीन लॅपटॉपचा बेत दिवाळीच्या थोडा आधी आणा.

उघडलाच आहे तर पंख्यातली धूळ काढून थर्मल पेस्टही (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदलून घ्या. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. आणि कूलरच्या झोतात ठेवून काम करता का?

हिशोबनीस

अगदी समोर! थंड राहावा म्हणून.

तर्रीपोहे

अरे बाप्पा. ओली हवा डायरेक्ट लॅपटॉपच्या पोटात. बाजूले सरकवा ताई.

हिशोबनीस

अपडेट देते. टॅलीचा डेटा पूर्ण निघाला. एका ग्राहकाची २०१९ ची एक्सेल फाइल उघडलीच नाही, पण ती त्यांच्या मेलमध्ये सापडली. एसएसडी आणि रॅम प्रतापनगरच्या एका मुलानं माझ्यासमोर बसवून दिली. पंख्यातून जे निघालं त्याला धूळ म्हणवत नाही, गादीचा कापूस म्हणा. आता बटण दाबल्यापासून टॅली उघडेपर्यंत चाळीस सेकंद, घड्याळ लावून बघितलं. चहा अर्धवट टाकून यावं लागलं.

३बी काल रात्री भरून झाले सगळ्यांचे. भाच्याला क्लीनरचं अजून सांगितलेलं नाही.

एक शेवटचं: जुन्या डिस्कमध्ये लोकांचे पॅन नंबर, बँक स्टेटमेंट सगळं आहे. अशीच भंगारवाल्याला द्यायची भीती वाटते. काय करू?

स्क्रूड्रायव्हर

देऊच नका. महिनाभर कपाटात ठेवा, एखादी राहिलेली फाइल आठवेल. मग स्क्रू काढून आतल्या चकत्यांवर हातोडा. काही चकत्या काचेच्या असतात, फुटून उडतात, तेव्हा जुन्या टॉवेलात गुंडाळून आणि डोळ्यांवर चष्मा लावून.

तर्रीपोहे

हातोडा भाच्याच्या हाती द्या.