हातातलं काम आणि मुलांचं ‘का?’

पाटीपेन्सिल:
चार-पाच वर्षांची मुलं नेमकी आपले हात गुंतलेले असताना प्रश्न विचारतात. ‘हं’, ‘हो हो’ म्हणून वेळ मारून नेली की तोच प्रश्न पाचदा येतो. दर वेळी सगळं सोडून बसणं शक्य नसतं. मग काय करावं?

वाळवेल:
तोच प्रश्न हट्टापायीच येतो असं नाही. फ्रेझियर, गेलमन आणि वेलमन यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसलं, की कारण कळलं की लहान मुलं पटल्याचं दाखवतात किंवा पुढचं विचारतात. कारण मिळालं नाही, तर मूळ प्रश्नच पुन्हा विचारतात, नाहीतर स्वतःच काहीतरी कारण जुळवतात. ‘हं’मध्ये कारण कुठे असतं?

हात थांबवा. मोबाइल पालथा ठेवा. नुसता सरकवला तर स्क्रीन उजळली की नजर जातेच. खाली बसून डोळ्याला डोळा भिडवा. ‘कारण’ किंवा ‘म्हणून’ असलेलं एकच वाक्य सांगा आणि मनात तीन आकडे मोजत गप्प राहा. हे गप्प राहणंच सगळ्यात अवघड! शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांना वर्गांत आढळलं होतं, की प्रश्न विचारून शिक्षक जेमतेम १ सेकंद थांबतात. ही वेळ ३ सेकंदांवर नेल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि त्यांचे प्रश्नही वाढले.

उंबरठा:
थांबणं शक्यच नसेल तर ‘नंतर’ किंवा ‘पाच मिनिटांनी’ म्हणू नका. या वयात मिनिटांचा अंदाज नसतो. ‘ही भांडी विसळून झाली की’ असं डोळ्यांना दिसणारं काहीतरी सांगा. मग आपण होऊन जा आणि प्रश्न त्याच्याच शब्दांत म्हणा: ‘चंद्र आपल्यामागे का येतो, विचारत होतास ना?’ हे दोनदा चुकलं की पुढचं ‘थांब’ मूल ऐकत नाही.

गोमटेश:
सहमत, पण लक्ष देणं म्हणजे व्याख्यान नव्हे. आणि दर वेळी ‘तुला काय वाटतं?’ म्हणून चेंडू परत टोलवला तर मुलं चिडतात. चंद्राचंच घ्या: चालत्या गाडीतून जवळचा खांब झर्रकन मागे जातो, लांबचा डोंगर हळूहळू, आणि चंद्र फारच लांब म्हणून मागे पडतच नाही, आपल्यासोबत येतोय असं वाटतं. खांब आणि डोंगर दाखवा, चंद्राचं त्याला सांगू द्या.

पाटीपेन्सिल:
आणि झोपताना सुरू होणारी सरबत्ती?

उंबरठा:
एका प्रश्नाचं उत्तर द्या, बाकीचे त्याच्यासमोर वहीत लिहा. सकाळी वही उघडायची मात्र तुम्ही, त्याने आठवण करून द्यायच्या आधी.