खानापुरात एकट्याने छोटा व्हिडिओ गेम करतो आहे; बेळगाव भागात सोबत कुठे मिळेल?

प्रश्न (खानापूर)

नमस्कार. दिवसा मी एका दुकानाचे हिशेब पाहतो आणि रात्री जेवणानंतर दोन तास गेम बनवतो. आमच्या खानापूरची माती, मडकी आणि कौले सगळ्यांना ठाऊक आहेत. माझे आजोबा (आईचे वडील) कुंभारकाम करायचे. त्यांच्याकडे लहानपणी पाहिलेला आवा (मडकी भाजायची भट्टी) हाच माझ्या गेमचा विषय आहे. खेळणाऱ्याने कच्ची भांडी आव्यात रचायची: जड रांजण खाली, पणत्या मधल्या फटीत, आणि आच सगळीकडे फिरेल एवढी जागा राखायची. भांडे नीट वाळलेले नसेल, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन ते तडकते, म्हणून कोणते भांडे आज लावायचे आणि कोणते उद्यासाठी ठेवायचे, हाही निर्णय खेळणाऱ्यालाच घ्यावा लागतो. असे सहा आवे तयार झाले आहेत.

अडचणी दोन आहेत. मी युनिटी हे गेम बनवायचे सॉफ्टवेअर वापरतो आणि त्यात मराठी मजकूर मोडतो: 'माती'ला काही होत नाही, पण पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न बसता नंतर जाऊन बसते आणि जोडाक्षरांचे पाय मोडके दिसतात. मला गेम मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत हवा आहे, कारण माझे निम्मे मित्र कन्नड वाचतात. दुसरी अडचण अशी की, हे काम करणारे कोणीही माझ्या ओळखीचे नाही. शिकायचे असेल तर बेंगळुरू नाहीतर पुणे गाठ, असे सगळे सांगतात. ते मला शक्य नाही. इथेच राहून हे काम पुढे नेता येईल का?

उत्तर (टिळकवाडी, बेळगाव)

आधी मजकुराचे बोलतो, कारण मीही त्यात पाच महिने घालवले आहेत. चूक तुमची नाही. युनिटीत मजकूर दाखवणारे टेक्स्टमेशप्रो अक्षरे ज्या क्रमाने साठवली आहेत त्याच क्रमाने एकापुढे एक मांडते. पहिली वेलांटी साठवताना व्यंजनानंतर येते आणि दिसायला व्यंजनाआधी हवी असते. ही अदलाबदल करणे आणि जोडाक्षर घडवणे, हे काम तिथे होतच नाही. काही जण त्यावर उपाय म्हणून जुन्या पद्धतीचे, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. कृपया तसे करू नका, कारण मग तुमचा मजकूर शोधता येत नाही, दुसऱ्याला सुधारता येत नाही आणि कन्नडसाठी सगळा खटाटोप नव्याने करावा लागतो.

सहाच आवे झाले असतील तर गोडो या गेम बनवायच्या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळायला अजून उशीर झालेला नाही. ते मुक्त आणि मोफत आहे, आणि २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीपासून त्यात हार्फबझ ही अक्षरे जुळवणारी तयार कोडची लायब्ररी आहे, त्यामुळे देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या जशा हव्यात तशा उमटतात. नोटो सान्स देवनागरी आणि नोटो सान्स कन्नड हे फॉन्ट मोफत असून गेमसोबत वाटता येतात. लेबलच्या (पडद्यावर मजकूर दाखवणाऱ्या घटकाच्या) गुणधर्मांत भाषेची जागा असते, तिथे मराठीचा संकेत भरायला विसरू नका. फॉन्टमध्ये सोय असेल तर 'ल' आणि 'श' हिंदी वळणाऐवजी आपल्या वळणाचे दिसतात. वाचणाऱ्याच्या हे लक्षातही येणार नाही, पण गेम आपल्या घरचा वाटण्यात त्याचा वाटा असतो, असे माझे ठाम मत आहे. तपासणीसाठी 'दुसऱ्या', 'कुऱ्हाड', 'किल्ल्यात' आणि 'ज्ञानेश्वर' हे चार शब्द पडद्यावर लावून पाहा. कन्नडमध्ये ओत्तक्षरे (जोडाक्षरांतली खाली लिहायची अक्षरे) ओळीखाली लोंबतात, म्हणून बटणांची उंची आधीच थोडी जास्त ठेवा.

आणखी एक गोष्ट आजच करा. सगळी वाक्ये कोडमधून बाहेर काढून एका तक्त्यात ठेवा: पहिल्या स्तंभात खूण, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात कन्नड. गोडो असा तक्ता थेट वाचते. हे शेवटी करायला बसलात तर एकेक वाक्य कोडमध्ये शोधत फिरावे लागेल.

उत्तर (निपाणी)

वरच्या उत्तरात एक भर घालतो. गोडोत कोड लिहिताना सी-शार्प ही भाषा न घेता त्याची स्वतःची जीडीस्क्रिप्ट ही भाषा घ्या, कारण चौथ्या आवृत्तीत सी-शार्पचा गेम ब्राउझरसाठी काढता येत नाही, आणि ब्राउझर हीच तुमची पहिली बाजारपेठ आहे. दुवा पाठवला की चिकोडीतली मावशीसुद्धा मोबाइलवर खेळून पाहते. काही उतरवून घ्या असे सांगितले की दहातले आठ जण तिथेच थांबतात, असा निदान माझा अनुभव आहे.

म्हणून गेम आधी इच डॉट आयओ या गेमच्या संकेतस्थळावर ठेवा. तिथे नोंदणीचे शुल्क नाही आणि विक्रीतला किती वाटा त्या संकेतस्थळाला द्यायचा, हे तुम्हीच ठरवता. गूगल प्लेचे खाते एकदाच २५ डॉलर भरून मिळते, परंतु नव्या वैयक्तिक खात्याला गेम सर्वांसाठी खुला करण्याआधी किमान १२ परीक्षकांकडून सलग १४ दिवस चाचणी करवून घ्यावी लागते. हे बारा जण आजपासूनच जमवायला लागा. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात, म्हणून पहिल्या गेमसाठी ती घाई नको.

सहा आव्यांचे साठ करण्याच्या मोहात पडू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी दोन वर्षे एका मोठ्या गेमवर एकट्याने काम केले, रोज काहीतरी नवे जोडत गेलो आणि कोणालाही दाखवले नाही. जेव्हा दाखवला तेव्हा पहिल्याच पडद्यावर काय करायचे हे कोणाला कळले नाही. ती दोन वर्षे मला परत मिळणार नाहीत. तुमचा गेम बारा आव्यांत पूर्ण होऊ द्या.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. काल रात्री गोडोत चारही शब्द लावून पाहिले. चारही बरोबर उमटले आणि मी बराच वेळ नुसता पडद्याकडे पाहत राहिलो. सोबतीच्या प्रश्नावर कोणी काही सांगू शकेल का?

उत्तर (वडगाव, बेळगाव)

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवते, म्हणून या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहिते. बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचे मुख्यालय आहे, आसपास अभियांत्रिकीची अनेक महाविद्यालये आहेत, आणि त्यांतली गेम बनवू पाहणारी मुले एकमेकांपासून पाच-सात किलोमीटरवर राहूनही एकमेकांना ओळखत नाहीत. माणसे इथे आहेत. त्यांना एका खोलीत बसवणारे निमित्त नाही. पुण्यातल्या एका छोट्या चमूने केलेला 'राजी' हा गेम २०२० मध्ये जगभर पोहोचला, तेव्हा आमच्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा वाटले की हे काम आपल्या बाजूलाही होते.

असे निमित्त ग्लोबल गेम जॅमचे असू शकते. तो २००९ पासून दरवर्षी जानेवारीच्या अखेरीस होतो, सर्व ठिकाणी एकाच विषयावर ठरलेल्या मुदतीत गेम बनवतात, आणि जागा असलेल्या कोणालाही आपले केंद्र नोंदवता येते. दहा संगणक आणि रात्री उघडी राहणारी एक खोली मिळाली की पुरे. महाविद्यालयाकडे अर्ज मी करीन.

तोवर दर महिन्याच्या एखाद्या रविवारी दुपारी चार-पाच जणांनी भेटावे, असे मी सुचवते. नियम एकच असावा: येताना खेळता येईल असे काहीतरी आणायचे, मग ते कितीही अर्धवट असो. दुसरा खेळत असताना गेम करणाऱ्याने एक शब्दही बोलायचा नाही, फक्त वहीत लिहायचे. समजावून सांगण्याची ऊर्मी आवरणे फार कठीण जाते, पण खेळणारा कुठे अडतो हे तेव्हाच दिसते. गणपतीत आमच्या गल्लीच्या मंडपात एका विद्यार्थ्याने लॅपटॉप ठेवला होता. आरतीनंतर तासाभरात मुलांनी त्याला जे शिकवले, ते आम्ही वर्गात सत्रभर शिकवू शकलो नव्हतो.

या बैठकीत मराठी आणि कन्नड बोलणारे दोघेही हवेत, ही माझी अट समजा. तुमच्या गेमच्या कन्नड ओळी मराठीवरून शब्दशः उतरवू नका. आव्याची राख, आच आणि तडा यांना कन्नड कुंभार काय म्हणतात, ते त्यांच्याकडूनच ऐकून लिहायला हवे. माझ्या शेजारच्या बाईंचे माहेर कुंभाराचे आहे आणि त्या दोन्ही भाषा सहज बोलतात. तुमचा तक्ता मला येथेच संदेशाने पाठवा. या शनिवारी मी त्यांच्याजवळ बसून तिसरा स्तंभ भरून घेते, आणि पहिल्या रविवारच्या बैठकीला तुम्ही ते सहा आवे घेऊन या.