सीपीआरनंतर कूलिंगवरचा रुग्ण: ताप दिसत नाही, संसर्ग कसा ओळखायचा?

प्रश्न (फोंडा, आयसीयू नर्स):
हृदय बंद पडून सीपीआरने (छाती दाबून) परतलेला रुग्ण कूलिंग ब्लँकेटवर (आत थंड पाणी फिरवून शरीराचं तापमान ठरलेल्या आकड्यावर ठेवणारं) ३६ अंशांवर आहे. सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारी तपासणी) चढतोय. अँटिबायोटिक सुरू करायचं का?

उत्तर (बांबोळी):
सिस्टर, मशीनमधल्या पाण्याचं तापमान तासातासाला चार्टवर लिहा. रुग्ण ३६ वर स्थिर, पण पाणी २४ वरून १२ वर उतरलं, तर शरीर ताप काढायला बघतंय. आधी जबडा आणि छातीवर हात ठेवून कापरं भरलंय का बघा. त्यानेही पाणी उतरतं. कापरं नसेल, सक्शनला (श्वासनळीतला स्राव ओढून काढताना) घट्ट पिवळा स्राव असेल, ऑक्सिजन वाढवावा लागत असेल, तर श्वासाच्या ट्यूबमधून कल्चर (जंतूंची तपासणी) आणि छातीचा एक्स-रे लगेच.

उत्तर (म्हापसा):
नुसत्या सीआरपीवर जाऊ नका. रक्तपुरवठा थांबून पुन्हा सुरू झाला की आयएल-६ (दाह वाढवणारं प्रथिन) उसळतं, संसर्ग नसतानाही सीआरपी चढतो. त्याच वेळी मोनोसाइटवरचं (एक प्रकारची पांढरी पेशी) एचएलए-डीआर, म्हणजे जंतूंची ओळख पटवून देणारं प्रथिन, घटतं, म्हणजे दाह जोरात आणि प्रतिकार ढिला. २०१९ च्या फ्रेंच चाचणीत ३२ ते ३४ अंशांवरच्या रुग्णांना २ दिवस अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे अँटिबायोटिक दिल्यावर लवकर होणारा न्यूमोनिया कमी झाला, मृत्यू मात्र कमी झाले नाहीत.

उत्तर (मडगाव):
ब्लँकेट काढताना ताशी ०.२५ अंशच चढवा. पोटॅशियम वर येतं, ड्रिपमधलं आधीच बंद करा. नंतरही ३७.५ च्या वर जाऊ देऊ नका.